मेगाबक्सच्या दंतकथा ऐकताना

वेगासला पहिल्यांदाच निघालायस ना? मग १९८६ पासूनच्या मेगाबक्स या स्लॉट मशीनच्या, म्हणजे पैसे लावून चिन्हांची रिळं फिरवायच्या जुगाराच्या यंत्राच्या, गोष्टी कानावर येणारच. मजेत ऐक, फक्त दोन गोष्टी पक्क्या कर:

- 'बरेच दिवस लागलेलं नाही, आता देणारच' ही शुद्ध थाप. निकाल दर वेळी मशीनमधली कॉम्प्युटर चिप नव्याने ठरवते. आधीचं तिला काही आठवत नाही.
- तीन डॉलरचा पूर्ण डाव लावल्याशिवाय मोठा जॅकपॉट नाही. नवखे एकच डॉलर लावतात आणि चिन्हं जुळली की कपाळ बडवतात!

सगळंच खोटं समजू नकोस मात्र. १९८९ मध्ये मिराज कॅसिनोत मेगाबक्सचा जॅकपॉट जिंकलेले आजोबा २००५ मध्ये पुन्हा जिंकले, हे खरं आहे. रिळांच्या आतलं गणित नंतर सांगतो. आधी खर्चाची रक्कम वेगळ्या पाकिटात काढ.