सरळ रेषेला शॉक देत नाहीत: ‘फ्लॅटलायनर्स’विषयी वाचकांचे प्रश्न

जोएल शुमाकर यांचा ‘फ्लॅटलायनर्स’ १९९० साली आला. शिकागोतल्या पाच वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी चौघं पाळीपाळीने आपलं हृदय थांबवून घेतात, मरणापलीकडे काय आहे ते पाहून परततात आणि प्रत्येकाच्या मागोमाग त्याची जुनी पापं येतात. या चित्रपटाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न: चित्रपटात मॉनिटरवरची रेषा सरळ झाली की छातीवर शॉक देतात आणि हृदय सुरू होतं. माझी मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती म्हणते हे साफ चूक. मग शॉक नक्की करतो तरी काय? (वाचक, मिरज)

तुमची मुलगी बरोबर सांगते आहे. बंद पडलेलं हृदय शॉकने सुरू होत नाही. शॉक उपयोगी पडतो तो भलत्याच तालात अडकलेल्या हृदयाला. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे स्नायू नुसते थरथरत असतात, रक्त पुढे जात नाही आणि मॉनिटरवर वेडीवाकडी रेघ उमटते. हल्लीच्या बायफेजिक, म्हणजे दोन्ही दिशांनी प्रवाह सोडणाऱ्या, यंत्राचा १२० ते २०० ज्यूलचा शॉक हा सगळा गोंधळ एका झटक्यात बंद पाडतो. त्या क्षणभराच्या शांततेत सायनस नोड, म्हणजे हृदयाचा स्वतःचा ताल देणारा भाग, पुन्हा ताब्यात घेईल अशी आशा असते. खालचे कप्पे अतिवेगाने धडधडतात पण नाडी लागत नाही, त्या व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियातही हेच.

सरळ रेषेत, म्हणजे असिस्टोलमध्ये, बंद पाडायला गोंधळच उरलेला नसतो. तिथे उपाय म्हणजे छातीवर दाब देणं, दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनलिन शिरेतून देणं आणि कारण शोधणं: प्राणवायू कमी पडला का, रक्तस्राव झाला का, पोटॅशियम बिघडलं का, फुप्फुसाभोवती हवा कोंडली का. असिस्टोलमधून परतणारे फार थोडे असतात, हे मान्य करायला हवं.

आणखी एक गोष्ट तुमच्या मुलीला वॉर्डात लवकरच शिकवतील. रेषा सरळ दिसली तरी रुग्णाची नाडी आणि श्वास आधी पाहायचा. लीड, म्हणजे अंगाला जोडलेली मॉनिटरची तार, निसटली असेल तरी रेषा सरळच दिसते. मग लीड घट्ट आहेत का ते बघायचं, गेन वाढवायचा, म्हणजे रेघ मोठी करून पाहायची, आणि दुसऱ्या लीडमध्ये तपासायचं, कारण बारीक फिब्रिलेशन कधी कधी सरळ रेषेसारखं भासतं आणि त्याला मात्र शॉक लागतो. हे सगळं काही सेकंदांत, छातीवरचे हात फारसे न थांबवता.

प्रश्न: विद्यार्थी शरीर थंड करणारं ब्लँकेट वापरतात. थंडीने मेंदू वाचतो हे खरं आहे का? (वाचक, नागपूर)

तत्त्व खरं आहे. शरीराचं तापमान एक अंश सेल्सियसने उतरलं की मेंदूची प्राणवायूची गरज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी कमी होते. महाधमनीच्या कमानीवरच्या काही शस्त्रक्रियांत हार्ट-लंग मशीनमधून रक्तच थंड करून शरीर १८ ते २० अंशांपर्यंत आणतात आणि रक्ताभिसरण अर्ध्या तासाच्या आसपास थांबवतात. १९९९ मध्ये नॉर्वेतल्या नार्विकजवळ बर्फाखाली अडकलेल्या एका डॉक्टर तरुणीचं तापमान १३.७ अंशांवर गेलं होतं, तरी ती वाचली. पण बर्फाखालच्या हवेच्या पोकळीत श्वास घेत असतानाच ती थंड होत गेली होती. हृदय थांबलं ते नंतर.

ब्लँकेट फक्त कातडी गार करतं. शरीर कापरं भरवून प्रतिकार करतं आणि आतलं तापमान उतरायला तासन्‌तास जातात. त्यातून २८ अंशांखाली गेलं की हृदय इतकं चिडखोर होतं की फिब्रिलेशन आपोआप सुरू होऊ शकतं, आणि गार हृदय शॉकलाही नीट दाद देत नाही. चित्रपटातली मंडळी ज्याला संरक्षण समजतात, तोच त्यांचा सर्वांत मोठा धोका आहे. नेहमीच्या तापमानाला रक्तपुरवठा थांबला की १० ते २० सेकंदांत शुद्ध जाते आणि ४ ते ६ मिनिटांत मेंदूची कायमची हानी सुरू होते.

प्रश्न: बोगदा, प्रकाश, शरीराबाहेरून स्वतःला पाहणं हे अनुभव विज्ञान मान्य करतं का? आपल्याकडच्या माणसांनाही बोगदाच दिसतो का? डॉक्टरांच्या देखरेखीत असा प्रयोग करता येईल का? (वाचक, ठाणे)

माणसं असे अनुभव सांगतात, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ते कशाने येतात यावर. डच हृदयविकारतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी नेदरलँड्समधल्या १० रुग्णालयांत हृदय थांबून परतलेल्या ३४४ रुग्णांशी बोलून २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. त्यांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला. उरलेल्यांना काहीच आठवत नव्हतं. चित्रपट पाहून वाटतं की जो जातो तो काहीतरी बघून येतोच. तसं नाही.

अनुभव मोजायला मानसोपचारतज्ज्ञ ब्रूस ग्रेसन यांची १९८३ ची १६ प्रश्नांची मोजपट्टी वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते २ गुण, एकूण ३२, आणि ७ किंवा जास्त गुण मिळाले तरच तो अनुभव मृत्यूसमीप धरायचा. डॉ. सॅम पार्निया यांनी तर रुग्णालयांत छताजवळ फळ्या लावून त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १०१ जणांच्या सविस्तर मुलाखती झाल्या. त्यांपैकी दोघांनीच खोलीत काय घडलं ते पाहिल्या-ऐकल्याचं सांगितलं आणि दोघंही फळी नसलेल्या जागी होते. त्यामुळे ती परीक्षा झालीच नाही.

बोगद्याचं एक पटणारं स्पष्टीकरण डोळ्यात आहे. दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा घटला की कडेचं दिसणं आधी जातं आणि मधला भाग शेवटपर्यंत टिकतो. लढाऊ विमानांच्या वैमानिकांना जोराच्या वळणात हेच होतं. शरीराबाहेर असल्याची भावना मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या चमूला एका रुग्णाच्या मेंदूच्या उजव्या बाजूला, शंखखंड आणि पार्श्वखंड जुळतात तिथे, विजेचा सौम्य प्रवाह देऊन निर्माण करता आली. ते २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. या दोन गोष्टींनी सगळा अनुभव उलगडतो असा दावा आम्ही करणार नाही. शिवाय आठवण नेमक्या कोणत्या क्षणी तयार झाली, शुद्ध जाताना, मधे की परत येताना, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे आणि आमच्या मते अधिक रंजक. इयन स्टीव्हन्सन आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा यांनी १९८६ मध्ये भारतातल्या १६ अनुभवांचा अभ्यास छापला. त्यांत ठळकपणे येतं ते असं: दूत येऊन घेऊन जातात, वही किंवा कागद उघडून बसलेला कुणीतरी असतो, चुकीचा माणूस आणल्याचं उघड होतं आणि त्याला परत पाठवतात. अमेरिकी अनुभवात बहुधा एखादा गेलेला नातलग ‘तुझी वेळ अजून आली नाही’ म्हणतो; इथे चित्रगुप्ताच्या दप्तरात चूक निघते. अनुभवाला रूप देण्यात लहानपणापासून कानावर पडलेल्या कथांचा वाटा किती मोठा असतो, ते यावरून दिसतं.

प्रयोगाचं म्हणाल तर अजिबात नाही. कुठलीही आचारसंहिता समिती निरोगी माणसाचं हृदय यासाठी थांबवू देणार नाही, कारण ते परत सुरू होईल याची हमी कुणालाच देता येत नाही. आत्तापर्यंतचं संशोधन आजारपणाने किंवा अपघाताने मरणाच्या दारात पोहोचलेल्यांच्याच आधारावर उभं आहे.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाच्या गटाने पुरुषोत्तम करंडकासाठी याच धर्तीची एकांकिका लिहिली आहे. पुनरुज्जीवनाचा प्रसंग खरा कसा वाटेल? (वाचक, पुणे)

पहिली अट: जिवंत नटाच्या छातीवर खरा दाब कधीही द्यायचा नाही. बरगडी मोडू शकते, हृदयाचा ताल बिघडू शकतो. ‘रुग्ण’ प्रेक्षकांकडे पाय किंवा डोकं करून झोपवा आणि दाबणाऱ्याने पलीकडच्या बाजूला ठेवलेल्या कडक उशीवर दाब द्यावा. फक्त धड असलेला सरावाचा पुतळा मिळाला तर चादरीखाली तोच वापरा. कोपर सरळ, खांदे हातांच्या बरोब्बर वर आणि जोर कमरेतून. दंड वाकवून हलके धक्के दिले की वैद्यकीय क्षेत्रातला प्रेक्षक लगेच हसतो.

वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० दाब, मग २ श्वास. एकाने मोठ्याने मोजायचं आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. हा बदल संवादांसाठी सोन्यासारखा आहे: दमलेला माणूस बाजूला होतो, त्याचे हात थरथरत असतात आणि त्याच वेळी त्याला प्रश्न विचारला जातो.

मॉनिटरचा आवाज हे बहुतेक नाटकांचं दुखणं. दाब चालू असताना रेषा सरळ राहत नाही, प्रत्येक दाबाबरोबर मोठे चढउतार येतात. सरळ रेषा दाखवायची तर हात थांबवूनच. ‘थांबा, ताल बघू’, सगळे मान वळवतात, आणि तेव्हाच ती लांब सपाट रेघ. त्या पाच-सात सेकंदांत कुणी बोलू नये. भीती तिथेच आहे, पार्श्वसंगीत वाढवायची गरज नाही.

शॉक दाखवायचाच असेल तर आधी संवादातून फिब्रिलेशन आहे असं कळू द्या. पॅडल, म्हणजे शॉक देणारे हातात धरायचे दोन भाग, एकमेकांवर घासणं चुकीचं आहे. जेल थेट पॅडलवर लावतात, किंवा हल्ली चिकटणारे पॅड वापरतात, एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली. यंत्र चार्ज व्हायला काही सेकंद लागतात. तोवर प्राणवायूचा मास्क किमान एक मीटर दूर न्यायचा आणि ‘सगळे बाजूला’ अशी हाक द्यायची. शरीर फूटभर उडत नाही, स्नायू एकदा झटकतात एवढंच. शॉकनंतर लगेच पुन्हा दाब सुरू करायचा, मॉनिटरकडे बघत उभं राहायचं नाही. खरं यंत्र रंगमंचावर आणूच नका. बॅटरी काढलेली असली तरी आत चार्ज उरलेला असू शकतो.

परतलेला माणूस लगेच उठून बसत नाही. बहुधा घशात नळी असते, तो काही तास किंवा दिवस बेशुद्ध वा गोंधळलेला असतो आणि शुद्धीवर आल्यावर छातीत प्रचंड दुखतं. तुमच्या पात्राला अनुभव सांगायचा असेल तर मधे काळ जाऊ द्या. आठवण तुकड्यातुकड्यांनी येऊ द्या.

प्रश्न: १९९० चा पाहावा की २०१७ चा? (वाचक, मडगाव)

१९९० चा. यान द बाँत यांचं छायाचित्रण आणि जुन्या इमारतीतला अंधार यांनी तो तारला आहे. ध्वनिपरिणामांच्या संपादनासाठी त्याला ऑस्कर नामांकनही मिळालं होतं, म्हणून चांगल्या हेडफोनवर पाहा. नील्स आर्देन ओप्लेव्ह यांच्या २०१७ च्या आवृत्तीत उपकरणं अद्ययावत आहेत, पण अपराधभावनेऐवजी दचकवण्यावरच भर आहे.

प्रश्न: माझ्या वडिलांचं हृदय थांबून परत सुरू झालं. अतिदक्षता विभागातून आल्यावर ते सांगतात, ‘मला माझी आई न्यायला आली होती.’ घरचे म्हणतात भ्रम आहे, विषय बंद करा. आम्ही काय करावं? (वाचक, सोलापूर)

विषय बंद करू नका. अतिदक्षता विभागातला भ्रम बहुधा तुटक असतो: भिंतीवर किडे दिसतात, नर्स विष देते असं वाटतं, संध्याकाळी त्रास वाढतो. मृत्यूसमीप अनुभव सांगणारी माणसं एक सलग, स्पष्ट गोष्ट सांगतात आणि वर्षानुवर्षं तशीच सांगतात. खरं-खोटं ठरवायच्या भानगडीत न पडता ‘मग पुढे काय झालं?’ एवढंच विचारा आणि त्यांची हरकत नसेल तर तारीख घालून त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. व्हॅन लोमेल यांनी दोन आणि आठ वर्षांनी पुन्हा मुलाखती घेतल्या तेव्हा असा अनुभव आलेल्यांमध्ये मरणाची भीती कमी झालेली आढळली.

काहींचा अनुभव मात्र भयावह असतो आणि ते तो लपवतात. महिनाभरानंतरही वडील झोपायला घाबरत असतील, दचकून उठत असतील, रुग्णालयाचं नाव काढताच घाम फुटत असेल, किंवा नावं, हिशेब, रोजचे रस्ते विसरत असतील, तर पुढच्या तपासणीला हृदयविकारतज्ज्ञांना हे स्पष्ट सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञ व न्यूरोलॉजिस्टकडे चिठ्ठी मागा. विसरणं हे प्राणवायू कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. ते आणि आई दिसल्याची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून डॉक्टरांनाही वेगवेगळ्या सांगा.