घरी दहा माणसं जेवायला असली की हातपाय गळतात. आत्मविश्वासाने पाहुणचार कसा करावा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रोजचा दोघांचा स्वयंपाक तुम्हाला छान जमतो. पुढच्या महिन्यात सासरचे आठ जण रविवारी दुपारी जेवायला येणार आहेत, म्हणजे तुम्ही दोघं धरून दहा पानं. मागच्या वेळी आमटी खारट झाली, तुम्ही शेवटपर्यंत ओट्यापाशी पुऱ्या तळत राहिलात आणि आता पुन्हा तसंच होईल याची धास्ती वाटते.

बेत असा ठरवा की तुम्ही स्वतः पाहुण्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसाल. मी एवढंच सांगेन, आणि खाली जे लिहिते आहे ते सगळं यातूनच निघालेलं आहे.

हे मला कळलं ते १९९४ साली. डोंबिवलीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि दिवाळीनंतरच्या रविवारी यांचे मामा-मामी इचलकरंजीहून आले होते, सोबत आणखी सात जण. मी अकरा पदार्थ केले होते. पुऱ्या गरमच वाढायच्या म्हणून पंगत बसल्यापासून मी कढईसमोर उभी. बाहेरून हसण्याचा आवाज येत होता. मामा त्यांच्या जुन्या सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या, कारखान्यातल्या गोष्टी सांगत होते, मला अर्ध्याच ऐकू येत होत्या. हात पुसून बाहेर आले तेव्हा मामांच्या तोंडात सुपारी होती आणि ते चपला शोधत होते. मी नमस्कार केला, ते म्हणाले, "सूनबाई, जेवण झकास झालं, पण तू काही भेटली नाहीस." त्यानंतर त्यांचं येणं झालं नाही. ते वाक्य माझ्या मनातून आजही गेलेलं नाही. माझी आई जन्मभर शेवटच्या पंगतीला, उरलंसुरलं वाढून घेऊन जेवली. मीही तेच करत होते, आणि त्यालाच पाहुणचार समजत होते.

तेव्हापासून माझा नियम असा: पाहुणे दारात आल्यावर गॅसवर फक्त एकच पदार्थ व्हायचा शिल्लक असला पाहिजे, आणि तोही दहा-पंधरा मिनिटांत उरकणारा. बाकी सगळं आधी झालेलं, किंवा झाकून ठेवल्याने आणखी चांगलं होणारं. पुरी या नियमात बसत नाही. भजी, बटाटेवडे, फुलके, घावन हेही नाहीत. चार माणसांत हौसेने करा, दहांत नको.

तुमच्यासाठी मी हा बेत सुचवेन: मसालेभात, टोमॅटोचं सार, मटकीची उसळ, पोळ्या, काकडीची कोशिंबीर, कोथिंबीर वडी आणि श्रीखंड. पापड, लोणचं, लिंबू डाव्या बाजूला आलंच. यात शेवटच्या क्षणी करायची ती फक्त कोथिंबीर वडी, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

कोथिंबिरीच्या दोन मोठ्या जुड्या आदल्या दिवशी सकाळी निवडून, धुऊन, सुती कापडावर पसरून पूर्ण कोरड्या होऊ द्या. ओली कोथिंबीर चिरली तर पीठ सैल होतं, मग आपण आणखी बेसन घालतो आणि वडी दगडासारखी होते. बारीक चिरल्यावर मीठ, हळद, हिंग, तीळ, आलं-मिरचीचं वाटण लावून दहा मिनिटं तशीच ठेवा. तिला स्वतःचं पाणी सुटतं. मग साधारण पाव किलो बेसन आणि दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ घाला, वरून पाणी लागलंच तर हाताच्या शिंपणापुरतं. तेलाच्या हाताने लांबट उंडे करून चाळणीत २० मिनिटं वाफवा, सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झालं. आता खरी गोष्ट: गरम असताना कापू नका. बहुतेकींच्या वड्या इथेच मोडतात. पूर्ण गार झालेले उंडे डब्यात भरून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले की दुसऱ्या दिवशी सुरीखाली कडक, नेटक्या चकत्या पडतात. रविवारी पाहुणे पाणी पिऊन टेकले की तव्यावर थोडं तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस करायच्या. माणशी चार धरल्या तरी दोन तव्यांवर दहा-पंधरा मिनिटांत होतात. घरभर वास सुटतो आणि जेवण आत्ता, आपल्यासाठी होतंय हे येणाऱ्याला जाणवतं. तेवढं एक पुरतं.

मसालेभात मी मुद्दाम निवडला आहे, कारण तो थांबला की सुधारतो. पोळ्या असतील तर दहा माणसांना ६०० ग्रॅम तांदूळ भरपूर होतो. सुरती कोलम किंवा आंबेमोहोर घ्या, धुऊन अर्धा तास निथळत ठेवा. तोंडली पाव किलो, घरचा गोडा मसाला दोन मोठे चमचे, पाणी आधणाचं. जाड बुडाच्या पातेल्यात साडेअकराला शिजवायला घेतला तर बाराच्या सुमारास होतो आणि घट्ट झाकण ठेवलं की एक वाजता पानात वाढेपर्यंत वाफाळता राहतो. मधे सतत ढवळून बघू नका, शितं मोडतात. खोबरं-कोथिंबीर वाढतानाच घाला. कुकरमध्ये करणार असाल तर तांदूळ-पाणी मिळून कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. घाईत हीच चूक होते आणि शिट्टीतून फेस बाहेर येतो.

आता तुमची खारट आमटी. मला वाटतं ती अशी बिघडली असेल: दोघांच्या मापाला पाचाने गुणून तुम्ही पाणीही पाचपट घातलंत आणि मीठही. मोठ्या पातेल्यात पाण्याच्या मानाने वाफ कमी उडते, म्हणून आमटी पातळ दिसली. घट्ट व्हावी म्हणून ती उकळत ठेवली आणि ती गरजेपेक्षा जास्त आटली. पाणी उडालं, मीठ तिथेच राहिलं. यावर उपाय सोपा आहे. पाणी पाचपटीपेक्षा थोडं कमीच घ्या, मीठ आधी पाऊण घाला आणि उरलेलं सगळ्यात शेवटी, दाटपणा मनासारखा झाल्यावर चव घेऊन. तिखट आणि लवंग-दालचिनीसारखा खडा मसाला मी पाचपट माणसांना साडेतीन-चारपटच घालते, कमी वाटला तर वरून वाढवता येतो. साराला नारळाचं दूध घालणार असाल तर ते शेवटी, आणि त्यानंतर खळखळून उकळू नका, टोमॅटोच्या आंबटपणाने ते फुटतं. मंद आचेवर, पळी फिरवत, नुसतं गरम करायचं.

श्रीखंडासाठी म्हशीच्या दोन लिटर दुधाचं दही शुक्रवारी रात्री लावा, शनिवारी सकाळी फडक्यात टांगा. उन्हाळा असेल तर चाळणीत बांधून फ्रीजमध्येच निथळू द्या, बाहेर आंबटपणा वाढतो. पाऊण ते एक किलो चक्का मिळतो, त्याला पाऊण पट साखर. शनिवारी संध्याकाळी साखर मिसळून तासभर ठेवा, विरघळली की पुरणयंत्रातून काढा, कोमट दुधात भिजवलेलं केशर, वेलची, किंचित जायफळ. रविवारी त्याच्याकडे बघावंही लागत नाही. डेअरीतून तयार चक्का आणलात तरी त्यात काही कमी नाही. पोळ्यांचंही तसंच. एक किलो कणकेच्या तीसेक पोळ्या होतात, म्हणजे दहा जणांना तीन-तीन. एवढ्या लाटून भाजायला सवयीच्या हाताला दीड तास लागतो. तो दीड तास नसेल तर जवळच्या पोळी-भाजी केंद्रात आदल्या दिवशी सांगून ठेवा, कापडात गुंडाळून डब्यात ठेवलेल्या पोळ्या मऊच राहतात. मी नोकरीत असताना वर्षानुवर्षं असंच केलं.

मटकी शुक्रवारी रात्री भिजत घाला, सुमारे ३५० ग्रॅम. शनिवारी सकाळी बांधा, रात्री मोड आले की फ्रीजमध्ये. उसळ रविवारी सकाळी आठला करून मोकळी व्हा. कोशिंबिरीची काकडी चोचवून फ्रीजमध्ये ठेवा, दाण्याचं कूट वेगळं, फोडणी वेगळ्या कढल्यात तयार. मीठ मात्र पान वाढायच्या आधी पाच मिनिटं, नाहीतर काकडीला पाणी सुटून ताटभर ओघळ जातो.

तुमच्याकडे सामिष चालत असेल तरी नियम हाच. कोल्हापूरकडचं मटण बघा: सुकं आणि तांबडा रस्सा आधी करून मुरले की उलट चांगले लागतात, पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध शेवटी. भाकऱ्या तेवढ्या गरम हव्यात, तर भाकऱ्या हाच तुमचा तो एक पदार्थ, आणि त्या करणारं दुसरं कुणी घरात असेल तरच. मालवणी कोंबडी-वडे दहा जणांना एकटीने करू नका. वडे फुगलेले, गरमच खायचे असतात आणि तुम्ही पुन्हा कढईसमोरच अडकाल.

बोलावण्याआधी कालनिर्णय बघा. हे मी कळकळीने सांगते. एकदा मी संकष्टीच्या दिवशी सहा जणांना दुपारी बोलावलं होतं, त्यातल्या तिघांचा उपास चंद्रोदयाला सुटणार होता. चातुर्मासात कांदा-लसूण, वांगं न खाणारे असतात. कुणाला मधुमेह आहे, कुणाला दाण्याचं चालत नाही, हे फोन करतानाच विचारा. विचारलेलं माणसांना आवडतं, आपली आठवण ठेवली असं वाटतं. आणि शनिवारी सिलिंडर हलवून बघा. एक वाजता गॅस संपला तर कसलंच नियोजन उपयोगी पडत नाही.

दोन आठवडे आधी हाच बेत एकदा चौघांसाठी करा, शेजारच्यांना बोलावून. पाहुण्यांच्या दिवशी एकही पदार्थ पहिल्यांदा करायचा नाही, कितीही मोह झाला तरी. आत्मविश्वास तुम्ही विचारलात तो मला तरी असाच मिळाला. हा बेत मी इतक्या वेळा केला आहे की कोणत्या पातेल्यात किती उंचीवर भात येतो ते हाताला माहीत आहे. दरवेळी तेच काय वाढायचं, असं वाटू देऊ नका. आमच्याकडे येणारे आता आधीच विचारतात, "वड्या आहेत ना?"

यजमानांना कामं नेमून द्या, "मदत कर" असं मोघम नको. पाणी, पेले, ताटं पुसणं, पापड भाजणं, चपलांची जागा मोकळी करणं ही त्यांची. सव्वाबाराला तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर पडून आंघोळ-साडी उरका, म्हणजे बेल वाजेल तेव्हा दार तुम्हीच उघडाल. सासूबाई किंवा नणंद "मी काय करू?" म्हणत आत आल्या तर "तुम्ही बसा हो" म्हणू नका, कोशिंबिरीला फोडणी द्यायला सांगा. ओट्यापाशी उभं राहून जेवढं मोकळं बोलणं होतं तेवढं दिवाणखान्यात होत नाही. पहिलं वाढप तुम्ही करा: वर मीठ, डावीकडे लिंबू, लोणचं, मग कोशिंबीर, उजवीकडे उसळ, मध्ये भाताची मूद आणि तिच्यावर तूप. मग भांडी मध्ये ठेवा आणि बसा. पुढचं ज्याचं त्याने घ्यावं. आग्रह एकदा करावा, मनापासून. दुसऱ्यांदा समोरच्याच्या पोटावर सोडावं.

हे सगळं करूनही आमटी किंवा सार खारट झालंच, तर बटाटा टाकू नका. तो खारट पाणी शोषतो, पण उरलेलं तितकंच खारट राहतं. सारात बिनमिठाचं टोमॅटोचं पाणी आणि नारळाचं दूध वाढवा, आमटीत बिनमिठाचं घोटलेलं वरण आणि थोडा गूळ. त्यासाठी एक वाटी डाळ मी नेहमी जास्तीची शिजवून बाजूला ठेवते, नाही लागली तर संध्याकाळी आमच्या दोघांच्या वरणभाताला होते.

तारीख आणि बेत ठरला की खाली लिहा, तुमच्याकडच्या पातेल्यांची मापंही सांगा. भाताचं पाणी किती धरायचं ते बघून सांगते.