‘बेळगाव’ शोधलं, ‘बेळगावी’ राहून गेलं

प्रश्न : निपाणीच्या आठवडी बाजारातल्या मराठी-कन्नड मिसळीच्या बोलण्यावर बीएच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घेतला आहे. शोधगंगेवर (पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) काहीच सापडत नाही, गूगलवर हजारो पानं येतात. गाइड पंधरा संदर्भ मागतात. विषय बदलू का? पुढे एमए आणि पीएच.डी. करायची इच्छा आहे.
– एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : विषय अजिबात बदलू नकोस. तुझा विषय लोकांनी अभ्यासलाय, फक्त तो वेगळ्या नावांखाली ठेवलेला आहे. आपल्या भागात ही अडचण जास्तच येते. बेळगावचं अधिकृत नाव २०१४ मध्ये बेळगावी झालं, त्यामुळे आधीचे प्रबंध जुन्या इंग्रजी स्पेलिंगखाली आहेत. १९७३ पर्यंत राज्याचं नाव म्हैसूर होतं. जुन्या इंग्रजी लेखनात कन्नडला ‘कॅनरीज’ म्हणत. निपाणी रोमनमध्ये एका ‘पी’नेही लिहितात, दोन ‘पी’नेही. देवनागरीत बेळगाव, बेळगांव, बेळगावी ही तिन्ही रूपं शोधून बघ.

म्हणून आधी कागदावर तीन रकाने कर: ठिकाण, भाषा, संकल्पना. संकल्पनेच्या रकान्यात ‘मिसळ बोली’ लिहून भागणार नाही. अभ्यासक ‘कोड-मिक्सिंग’, ‘कोड-स्विचिंग’, ‘लँग्वेज काँटॅक्ट’, ‘बायलिंग्वलिझम’, ‘कन्व्हर्जन्स’ असे शब्द वापरतात. हे रोमन लिपीत टाकायचे. एका रकान्यातले पर्याय कंसात घेऊन मध्ये ‘ऑर’ लिही, तेही कॅपिटल अक्षरांत. दोन रकान्यांच्या मध्ये ‘अँड’. दोन शब्दांची संज्ञा अवतरणचिन्हांत ठेव, नाहीतर ते शब्द सुटे सुटे शोधले जातात. गूगल स्कॉलरमध्ये, म्हणजे गूगलच्या अभ्यासलेख शोधायच्या संकेतस्थळावर, ‘अँड’ लिहायची गरज नाही. पाचशेच्या वर निकाल आले तर एक रकाना वाढव. दहाच्या आत आले तर आधी ठिकाणाचा रकाना काढ.

ठिकाण काढलंस की जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषा-अभ्यासकांचा १९७१ चा लेख हाती लागेल. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू एकमेकींच्या व्याकरणात कशा मिसळल्या, हे त्यात आहे. गावाचं स्पेलिंग तिथे शेवटी ‘आर’ लावून केलंय. ‘डी’ लावून शोधलंस तर तो सुटू शकतो. गूगल स्कॉलरवर त्याच्याखालच्या ‘सायटेड बाय’वर टिचकी मार. त्या लेखाचा आधार घेणारं नंतरचं लेखन तिथे मिळतं. पंधरापैकी निम्मे संदर्भ इथूनच निघावेत.

शोधगंगेवर प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये असतात. आधी शेवटची संदर्भसूचीची फाइल उघड. मराठी प्रबंधांत एक मोठी गोची आहे: अनेक जुने प्रबंध युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेले किंवा स्कॅन केलेले आहेत. त्यांच्या आत देवनागरी शब्द शोधला तर ‘नाही’ असंच उत्तर येतं. तिथे अनुक्रमणिका डोळ्यांनीच वाचायची. बेळगावीचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. त्याआधीच्या कामासाठी धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, दोन्हीकडे बघ.

लेख पैसे मागत असेल तर लगेच भरू नकोस. कॉलेज ‘एन-लिस्ट’चं (कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं देणाऱ्या योजनेचं) सदस्य आहे का, ते ग्रंथपालांना विचार. असेल तर तुझ्या नावाने लॉगिन मिळतं आणि घरूनही चालतं.

प्रत्येक शोधाची तारीख, संकेतस्थळ, नेमके शब्द आणि निकालांची संख्या वहीत लिही. पीएच.डी.च्या पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात हेच काम करायचं असतं. तीन रकान्यांचा कागद घेऊनच ग्रंथपालांकडे जा. ‘काही सापडत नाही’ म्हटल्यावर त्यांना मदत करणं अवघड जातं; कागद पाहिला की राहिलेला शब्द त्यांना पटकन दिसतो.