टायरॉसला नागपूर दिसलं असेल का?

प्रश्न : सर, माझी आजी सांगते, तिच्या लहानपणी अमेरिकेने ढगांचे फोटो काढणारा पहिला उपग्रह सोडला होता. त्याने आपल्या नागपूरचाही फोटो काढला असेल का?
– अकरावीची विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : आजी म्हणते तो टायरॉस-१. १ एप्रिल १९६० ला केप कॅनव्हेरलहून थॉर-एबल रॉकेटवर बसून गेला. तारखेवर जाऊ नकोस, खरंच गेला! जेमतेम मीटरभर व्यासाचा बसका दंडगोल, वजन १२२ किलोच्या आसपास, अंगभर सौरघट आणि आत दोन टीव्ही कॅमेरे.

त्याची कक्षा विषुववृत्ताशी ४८ अंश कललेली होती. म्हणजे ४८ अक्षांशांपलीकडच्या लंडन-मॉस्कोच्या डोक्यावरून तो कधीच गेला नाही, पण आपण पडलो २१ अक्षांशावर, अगदी त्याच्या वाटेत.

पण वाटेत असणं वेगळं आणि फोटोत येणं वेगळं. टायरॉस स्वतःभोवती फिरत राहायचा आणि फिरणाऱ्या भोवऱ्यासारखी त्याच्या आसाची दिशा सहसा ढळत नसे. कॅमेरे बसवलेले तळाला. त्यामुळे फेरीच्या एका भागात ते पृथ्वीकडे बघत, उरलेल्या भागात रिकाम्या अवकाशाकडे! त्यातून खाली दिवस हवा, कारण रात्री बघू शकणारा इन्फ्रारेड डोळा त्याला नव्हता. अमेरिकेतल्या केंद्रापासून लांब असताना काढलेले फोटो चुंबकीय फितीवर साठत. एका कॅमेऱ्याचे ३२ झाले की फीत भरली.

समजा, आपली पाळी आली. दोनपैकी जास्त रुंद बघणाऱ्या कॅमेऱ्याच्या एका चौकटीत सुमारे १२०० किलोमीटरचा मुलूख मावायचा, म्हणजे नागपूर आणि मुंबई एकाच फोटोत. त्यात फुटाळा तलाव शोधत बसू नकोस. आणि एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या आभाळात ढगांच्या कॅमेऱ्याने टिपावं तरी काय?

त्याची खरी कमाई समुद्रावरची. तिथे वेधशाळा नसतात, जहाज गेलं तरच खबर. एप्रिलमध्येच त्याने ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या पूर्वेला, भर समुद्रातलं चक्रीवादळ टिपलं. माझ्या मते त्या एका चित्रानेच सगळा खर्च वसूल झाला.

एकूण १९ हजारांवर कामाचे फोटो पाठवून ७८ दिवसांनी, जूनच्या मध्यावर, तो बंद पडला. नेमका विदर्भात पाऊस लागायच्या सुमारास.