जिनिंगमध्ये कामगाराची दोन बोटं गेली. स्टॅम्पपेपरवर समझोता चालेल का, आणि त्याला परत कामावर कसं घ्यावं?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावकडे तीस माणसांची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, तिथं डबल रोलर यंत्रात हात जाऊन एका कामगाराची दोन बोटं गेली, दीड महिन्यानं तो परत यायला तयार आहे आणि मुनीम म्हणतोय की स्टॅम्पवर लिहून घ्या. स्टॅम्पचं आधी सांगतो, कारण ह्या विषयावर माझं अनेकांशी वाजलंय.

तो कागद रद्दी आहे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं (२१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीच्या अपघाताला तो लागू, नंतरच्याचं शेवटी सांगतो) कलम १७ सरळ म्हणतं की भरपाईचा हक्क सोडल्याचा करार शून्य. कामगारानं राजीखुशीनं अंगठा दिला, सरपंच साक्षीला होता, तरी शून्य. समझोता करायचाच असेल तर रक्कम कायद्यानं निघते तेवढी धरा आणि कराराचं ज्ञापन, म्हणजे लेखी टिपण, भरपाई आयुक्तांकडे नोंदवा, कलम २८ खाली. रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारतात.

आता रक्कम. एका जिनिंगमधलं प्रकरण माझ्याकडे कागद लावायला आलं होतं, त्याचाच हिशेब मांडतो. वय ३५, पगार १४,०००, एका हाताची दोन बोटं मुळापासून. कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं म्हणजे कमाईच्या क्षमतेचं २० टक्के नुकसान, तीन म्हणजे ३०, अंगठा एकटा ३०. पगाराचे ६० टक्के ८,४००, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला ३५ वयाचा गुणक १९७.०६, झाले १६,५५,३०४. त्याचे २० टक्के ३,३१,०६१. हिशेबाला पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, जानेवारी २०२० पासून.

त्या मालकानं काय केलं? मुकादम म्हणाला, "पैसा दी टाका, सही ली ल्या." पंचवीस हजार दिले, स्टॅम्प केला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दवाखान्यात ‘घरी विळ्यानं कापलं’ असं लिहायला लावलं. कारखाना निरीक्षक येऊ नये म्हणून! अहो, विळ्यानं दोन बोटं अशी चेचतात का? जखम बघूनच डॉक्टरला कळतं. कामगारानं दोन वर्षांची मुदत संपायच्या आत दावा ठोकला. हजेरीबुकात तो रात्रपाळीला हजर, पोराच्या फोनमध्ये जिनसमोरचा फोटो. खोटी नोंद मालकाच्याच अंगाशी आली. महिन्याच्या आत न दिलेल्या रकमेवर १२ टक्के व्याज लागतं, उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, आणि दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. पंचवीस हजारांतून औषधपाण्याला जे गेलं ते भरपाईत धरतच नाहीत. अडीच वर्षांचं व्याज आणि पूर्ण दंड धरा, आकडा सहा लाखांच्या घरात जातो. आणि विमा? कापसाच्या गंज्यांचा आगीचा होता. माणसांचा नव्हता.

‘जिनिंगला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नाही, मग भरपाईही नाही’ हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. फक्त कापसाची सरकी काढणं आणि गाठी दाबणं करणारा कारखाना हंगामी धरला जातो, म्हणून ईएसआयबाहेर. ईएसआयबाहेर म्हणजेच सगळा बोजा थेट मालकावर. त्याच आवारात सरकीची तेलघाणी असेल तर मात्र ‘फक्त जिनिंग’ उरत नाही, ते तपासून घ्या. विमा घेताना हंगामातली खरी माणसं आणि खरा पगार दाखवा. बारा दाखवून चाळीस राबवले की कंपनी त्याच बारावर बोट ठेवते. मुकादमाची माणसं वेगळी लिहून घ्या, कारण ठेकेदाराच्या माणसाची भरपाईही आधी मूळ मालकाकडूनच वसूल होते. दवाखाना खर्च आणि दंड-व्याज मूळ पॉलिसीत आहे का, हे वाचून घ्या.

परत कामावर घेण्याबद्दल. ‘त्याच पगारावर परत घेतला, आता भरपाई कसली?’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की कंटाळा आलाय. परिशिष्टातल्या जखमेची टक्केवारी ठरलेली आहे, पगार तोच राहिला तरी एकरकमी भरपाई द्यावी लागते. पगार तोच ठेवल्यानं फरक पडतो तो घरी बसल्या काळाच्या पंधरवडी हप्त्याला. तो हप्ता महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा असतो आणि आधीच्या व आताच्या कमाईतल्या फरकाच्या निम्म्याहून जास्त देता येत नाही. दिलेले हप्ते पुढे एकरकमेतून वजा होतात, म्हणून प्रत्येक हप्ता पावतीवर, शक्यतो बँकेतून.

डॉक्टरकडे ‘फिट आहे का’ एवढंच विचारू नका. कागदावर लिहून न्या: किती किलो उचलायचं, पकड किती लागते, किती तास उभं राहायचं, धूळ किती. जखम नीट भरेपर्यंत रुई आणि सरकीच्या धुळीत हात नको. वजनकाटा, गेटची नोंद, गाठींवर मार्का टाकणं, ही कामं द्या, तीही आधी अर्धा दिवस. थंडीत तुटलेल्या बोटाचं टोक ठणकतं, आणि आपला हंगाम नेमका थंडीतलाच. रोलरवर परत पाठवायचंच असेल तर आधी गार्ड बसवा. अडकलेला कापूस मशीन बंद करून, लाकडी पट्टीनंच काढायचा. चालू रोलरला हात लावून ओढायची सवय फिटरपासूनच मोडावी लागते. कामगारानं मुद्दाम गार्ड काढला असेल तर काही जखमांत मालकाला बचाव मिळतो, पण गार्डच नसेल तर कसला बचाव?

एक राहिलं: २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, जुना कायदा तिच्यात गेला. अपघात त्यानंतरचा असेल तर मी दिलेले कलमांचे क्रमांक बदलतील. पगाराची व्याख्याही बदलली, भत्ते निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग पगारात धरतात. चौकट तीच आहे, पण तारीख बघून वकिलाकडे जा, आणि जाताना हजेरीबुक, पगारपत्रक, दवाखान्याची पहिली नोंद घेऊन जा. ती पहिली नोंद काय लिहिलीय, हे तुम्ही प्रश्नात कुठंच सांगितलेलं नाही.