वाशीच्या मार्केटपेक्षा दहा टक्के जास्त भाव दिला, तर लहान शेतकऱ्याशी व्यवहार न्याय्य झाला का?

तुम्ही लिहिलंय की येत्या दिवाळीपासून ठाण्यात घरीच उटणं आणि केसांची पावडर करून विकायची आहे, माल मुरबाड-शहापूरच्या लहान शेतकऱ्यांकडून थेट घ्यायचा आहे आणि वाशीच्या मसाला मार्केटपेक्षा दहा टक्के जास्त द्यायची तयारी आहे. एवढं पुरेसं आहे का? माझ्या अनुभवाने, नाही. भाव ठरवणं त्यातलं सोपं काम. पैसा कोणत्या महिन्यात हातात पडतो, खरी अडचण तिथे आहे.

मी ठाण्यातच कोपरीत राहते, नऊ वर्षं उटणं करते. पहिली तीन वर्षं मी तुमच्यासारखाच विचार करत होते. भाद्रपदात कल्याणहून एसटीने टोकावड्याच्या बाजूला जायचं, उटण्याला लागणारी सुकी आंबेहळद पाहायची, बाजारापेक्षा चांगला भाव रोख द्यायचा आणि समाधानाने घरी यायचं. तिसऱ्या वर्षी एका पाड्यावर पाणी प्यायला थांबले होते, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "बाय, भाव तुझा चांगला. पण तू येतीस दिवाळीच्या तोंडाला. आमची हळद तवर घरात राहती होय?"

त्या रात्री मी वही काढून बसले. तीन वर्षांत ज्यांच्याकडून माल घेतला, त्यातल्या बहुतेकांची चार-पाच एकर जमीन होती, घरात नोकरीचा पगार होता. माल सहा महिने राखून ठेवणं त्यांनाच परवडत होतं. अर्ध्या एकराच्या वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या तुकड्यावर भाताबरोबर दोन ओळी आंबेहळद लावणाऱ्यांनी ती मे महिन्यातच गावच्या व्यापाऱ्याला देऊन टाकलेली असायची. माझा जास्तीचा भाव गरजवंतापर्यंत पोचतच नव्हता.

हिशोब साधा आहे. आंबेहळद पावसाच्या सुरुवातीला लावतात, पानं वाळली की पौष-माघात काढतात, चकत्या करून उन्हात सुकवतात. आपला गल्ला भरतो आश्विनात. त्यांना पैसा लागतो ज्येष्ठात: मृगाच्या आधी बियाणं, खत, नांगराचं भाडं, छपरावरचं प्लास्टिक, पोरांच्या वह्या. या दोन तारखांमधलं अंतर जो भरून काढतो, माल त्याला मिळतो.

म्हणून गावच्या व्यापाऱ्याला खलनायक ठरवू नका. तो भाव पाडतो, काट्यातही मारतो, हे मी पाहिलंय. पण रात्री बाळंतीण अडली की जीपचं भाडं तोच देतो. त्याला बाजूला सारायचं असेल, तर त्याच्यासारखं अडीनडीला उभं राहायची तयारी हवी, नाहीतर तुम्ही वर्षातून एकदा येणारं दुसरं गिऱ्हाईक.

चौथ्या वर्षापासून मी मेच्या तिसऱ्या आठवड्यात जाते. अंदाजे मालाच्या निम्मी रक्कम तेव्हाच देते, उरलेली माल उचलताना, आणि माल पाऊस लागायच्या आत उचलते. साठवणीची जबाबदारी माझी, कारण पावसाळ्यात कोरडी खोली माझ्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. त्यासाठीचा पैसा मी बचतगटाकडून कर्जाने घेते. त्याचं व्याज पुडीमागे साधारण रुपयाभर पडतं आणि ते मी गिऱ्हाइकाकडून घेते, शेतकऱ्याकडून नाही.

इथे एक धोका आहे आणि तो आपल्याच जिल्ह्याचा आहे. आगाऊ पैशाला तिकडे 'उचल' म्हणतात, आणि कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर या शब्दाला भीतीची किनार आहे. वीटभट्टीवाले पावसाळ्यात उचल देतात आणि दिवाळीनंतर अख्खं कुटुंब ती फेडायला भट्टीवर जातं. अनेकदा हंगाम संपला तरी ती फिटत नाही. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी हे नाव पडलं. झाडापासूनचा धंदा त्यांच्या नावातच आहे. तेव्हा आपली उचल तशी होऊ देऊ नका. मी तीन गोष्टी वहीत लिहून वाचून दाखवते: व्याज नाही, जास्त भाव मिळाला तर पैसे परत करून माल दुसऱ्याला विकायची मोकळीक, आणि उचलण्याआधी माल खराब झाला तर त्या वर्षीची निम्मी रक्कम माझ्या अंगावर. वहीची एक प्रत त्यांच्याकडे राहते.

भावाबद्दल एवढंच सांगते: ओला आणि सुका यांचा घोळ करू नका. माझ्या वहीप्रमाणे पाच किलो ओल्या गड्ड्यांची साधारण एक किलो सुकी आंबेहळद होते. म्हणजे ओल्याला २० रुपये भाव असेल, तर सुक्याचे नुसते मालाचेच १०० झाले. धुणं, चकत्या करणं, आठवडाभर उन्हात उलथणं हे बहुधा घरातल्या बायका करतात आणि ते कुणी मोजत नाही. त्याची मजुरी वेगळी धरा. आणि वळिवाच्या सरीत माल भिजला, बुरशी आली, तर तो घेऊ नका. पण सगळं नुकसान त्यांच्यावरही टाकू नका. मी एका वर्षी असा ४० किलो माल परत पाठवला होता. चूक माझी होती, ताडपत्र्या मीच द्यायला हव्या होत्या. आता देते.

केसांच्या पावडरीसाठी तुम्ही शिकेकाई, गुळवेल, शतावरी लिहिलीत. यातलं बरंच शेतात नसतं, जंगलातून येतं. तिथे 'शेतकऱ्याकडून घेतलं' एवढं बोलून भागत नाही. शिकेकाईच्या शेंगा तोडल्या तर वेल जगते. गुळवेलीचे तुकडे वरून कापले आणि बुंधा राखला तर ती पुन्हा फुटते. शतावरीच्या मुळ्या सरसकट उपटल्या तर झाड गेलं. सफेद मुसळी या औषधी कंदाचं उदाहरण तर आपल्या शेजारचंच. तिच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे, कारण येऊरच्या डोंगरापलीकडच्या त्या जंगलातून तिची पहिली नोंद झाली. इतके कंद खणले गेले की रानात ती दुर्मीळ होत गेली. म्हणून मुळ्या-कंद लागणार असतील तर लागवडीचेच घ्या. मी शतावरी वापरणं सोडलं, पावडर तिच्याशिवायही चांगली होते. गुळवेल घेताना ओळखणारा माणूस बरोबर हवा. तिच्यासारखी दिसणारी, खोडावर गाठी-गाठी असलेली दुसरी जात बाजारात मिसळली जाते, आणि ती अपायकारक ठरू शकते असं आयुष मंत्रालयानेही २०२२ मध्ये सांगितलं होतं.

जंगलातल्या मालावर हक्क कुणाचा, हेही माहीत असू द्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातला बाकीचा माल, गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना दिला आहे. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतो, तिथे अशा भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेचा शब्द महत्त्वाचा. एकट्या माणसाशी गुपचूप सौदा करण्यापेक्षा ग्रामसभेला किंवा वनोपज एकत्र विकणाऱ्या वनधन गटाला भेटा. शहापूरच्या कातकरी तरुणांनी अशाच गटातून गुळवेल मोठ्या औषध कंपन्यांना विकली आहे, त्यामुळे भाव त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. शिवाय जैविक विविधता कायदा आहे, २००२ चा, २०२३ मध्ये सुधारलेला. धंद्यासाठी वनस्पती घेताना राज्य जैवविविधता मंडळाला कळवण्याची तरतूद त्यात आहे, आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना सूट असली तरी तसा दाखला लागतो. मंडळाचं कार्यालय नागपूरला आहे. आधी त्यांना पत्र लिहून तुम्हाला काय लागू होतं ते लेखी घ्या.

पाकिटावर 'आदिवासी भगिनींच्या हातचं' असं छापून त्यांचे फोटो टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. मलाही दिला होता. मी त्या बायकांना विचारलं. दोघी हो म्हणाल्या, बाकीच्यांनी नकाराची मान हलवली, म्हणून फोटो नाही. तालुक्याचं नाव आणि कापणीचा महिना मात्र मी छापते.

पहिल्या वर्षी दोनच घरं धरा आणि २० किलोच्या वर जाऊ नका. आपला वजनकाटा सोबत न्या, वजन त्यांना स्वतः वाचू द्या. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याण स्थानकाबाहेरून सकाळची एसटी मिळते. पहिल्या फेरीत काही विकत घेऊ नका. मे महिन्यात घरात काय खर्च येऊन पडलेत, तेवढं विचारून या.