राहायचं की परतायचं हे ठरण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

‘इथेच अमेरिकेत राहायचं की भारतात परत जायचं ते ठरलं, की मग निवृत्तीचं बघू,’ असं तू लिहिलंस. मला ते पटलं नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत आपल्या लोकांची वर्षानुवर्षं जातात. तोवर तुझी बचत रोजच्या खर्चाच्या चेकिंग खात्यात पडून राहणार का?

तुझ्या पगारातून सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनसाठी, ६.२ टक्के कापले जातात. ती पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी. त्याआधी कायमची परतलीस तर ते पैसे गेलेच म्हणायचे, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबत करार झालेला नाही. इतकी वर्षं इमानाने भरणाऱ्या मुलामुलींवर हा उघड अन्याय आहे. म्हणून सांगते, जे नक्की तुझं राहणार आहे ते आधी उभं कर.

कंपनी ४०१(के)मध्ये, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या निवृत्ती खात्यात, स्वतःची भर घालत असेल, तर ती पूर्ण पदरात पडेल इतकं तिथे भर. मग आयआरए, म्हणजे स्वतःच्या नावाचं निवृत्ती खातं, उघड. १९७४ च्या कायद्याने आलेलं हे खातं नोकरीला बांधलेलं नाही आणि व्हिसालाही नाही. त्यातला रॉथ प्रकार घे. ट्रॅडिशनल या दुसऱ्या प्रकारात कर आज वाचतो आणि पैसे काढताना भरावा लागतो. रॉथमध्ये कर आजच भरायचा. पुढे खात्याला पाच वर्षं आणि तुला साडेएकोणसाठ पूर्ण झाली, की वाढीवरही अमेरिकेत कर नाही. आज तुझा पगार सुरुवातीचा आहे, कराचा दरही कमी, त्यामुळे हेच सोयीचं. शिवाय भरलेली मुद्दल अडीनडीला केव्हाही काढता येते, कर नाही की दंड नाही. वाढीला मात्र हात लावू नकोस. त्या अटी पूर्ण होण्याआधी काढलीस, तर तिथे कर आणि वर १० टक्के दंड बसतो.

२०२६ साठी आयआरएत भरायची मर्यादा ७,५०० डॉलर आहे, म्हणजे महिन्याला ६२५. तुझं उत्पन्न १,५३,००० डॉलरच्या आत असेल तर पूर्ण रक्कम रॉथमध्ये भरता येते.

आता जिथे बहुतेक जण फसतात ते सांगते. बाबांच्या पीपीएफमध्ये पैसे भरले की सरकारी व्याज आपोआप चढतं. आयआरए म्हणजे नुसतं खातं. भरलेले डॉलर तू काही विकत घेईपर्यंत त्यात रोख म्हणून पडून राहतात. नेमाने भरणा केलेली, पण एकही फंड न घेतलेली खाती मी पाहिली आहेत आणि जीव हळहळला आहे. म्हणून पैसे जमा झाले की लगेच कमी खर्चाचा, सगळा बाजार सामावणारा इंडेक्स फंड घे. बाजार पडला म्हणून विकू नकोस.

लग्नानंतर नवरा एच-४ वर, म्हणजे तुझ्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, आला आणि त्याला कामाची परवानगी नसली, तरी रिटर्न एकत्र भरलंत तर तुझ्या कमाईच्या आधारावर त्याच्या नावानेही आयआरए भरता येतं. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

परतलीसच, तर खातं मोडायची घाई नको. अमेरिकेतल्या निवृत्ती खात्यांवरचा कर पैसे काढतेवेळी लागावा, अशी सोय भारताने २०२१ मध्ये केली, पण त्यासाठी वेळेत फॉर्म भरावा लागतो. रॉथचं काय करायचं, हे दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्या सीएला निघण्याआधीच विचार.

खातं उघडताना लाभार्थी म्हणून आईचं नाव घालायला विसरू नकोस. पुढच्या पगाराला पहिले ६२५ डॉलर भर आणि कोणता फंड घेतलास ते मला कळव.

तुझी,
मावशी